बायोमेडिकल कचऱ्याचं प्राधिकारपत्र: छोट्या दवाखान्यांचे अर्ज नेमके कुठे अडतात

नवा दवाखाना उघडताना पाटी, इन्व्हर्टर, औषधांचं कपाट, सगळं वेळेवर होतं. कचऱ्याचं प्राधिकारपत्र, म्हणजे दवाखान्याचा कचरा हाताळायची प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी, मात्र आठवते ती कुणीतरी तपासणीला दारात उभं राहिल्यावर. मग घाईघाईने अर्ज, आणि तितक्याच घाईने तो परत. मी बरीच वर्षं असे अर्ज भरून देतोय. अडण्याच्या जागा ठरलेल्या आहेत, म्हणून हे लिहितोय.

पहिला गैरसमज पात्रतेचा. "आमच्याकडे बेडच नाहीत, आम्हाला कशाला लागतंय?" लागतं. जैव वैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम २८ मार्च २०१६ ला आले, आणि त्यांत कचरा किती निघतो याला महत्त्व नाही. दिवसाला चार सुया निघाल्या तरी अर्ज करायचा. फिजिशियन, दाताचा दवाखाना, पॅथॉलॉजी लॅब, रक्तपेढी, आयुर्वेद-होमिओपॅथी रुग्णालय, गुरांचा दवाखाना, सगळे यात आले. शाळेतली प्रथमोपचार खोली आणि रक्तदान शिबिरसुद्धा या नियमांच्या कक्षेत आहे. लॅबवाल्यांना एक वेगळी सूचना: कलेक्शन सेंटर म्हणजे स्वतंत्र जागा. तिथल्या सुया पिशवीत भरून स्कूटरच्या डिकीतून मुख्य लॅबला नेणं हा 'जुगाड' नाही, नियमभंग आहे. प्रत्येक जागेचा अर्ज वेगळा.

अर्ज महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर, नमुना २ (फॉर्म २) मध्ये, ऑनलाइन. लॉगिन, शुल्क, अपलोड, यात अवघड काही नाही. फक्त लॉगिनला मोबाइल नंबर आणि ईमेल स्वतःचा द्या. हसू नका. अर्ध्या लोकांच्या अर्जात सायबर कॅफेवाल्याचा नंबर असतो, मंडळाने काढलेली त्रुटी त्याच्या इनबॉक्समध्ये पडून राहते आणि डॉक्टर म्हणतात, "ऑफिसकडून काहीच कळवलं नाही."

आता खरी अडचण, सामायिक प्रक्रिया केंद्राचं, म्हणजे अनेक दवाखान्यांचा कचरा उचलून त्याची विल्हेवाट लावणाऱ्या केंद्राचं सदस्यत्व. कचरा कुणी नेणार, कुठे जाळणार, कुठे निर्जंतुक करणार, याचा करार हाच तुमचा कचरा व्यवस्थापनाचा आराखडा. तिथे निवडीला फार वाव नाही. ७५ किलोमीटरच्या आत असं केंद्र असेल तर स्वतःची भट्टी किंवा स्वतःचा प्रक्रिया संच उभारता येत नाही. मागच्या अंगणात खोल खड्डा खणून पुरण्याची सोय फक्त दुर्गम ग्रामीण भागासाठी, जिथे केंद्राची गाडी पोचत नाही तिथे, आणि तीही आधी परवानगी घेऊन. "आमच्या शेतात टाकतो" हे उत्तर अर्जात लिहिलेलं मी पाहिलंय. लिहू नका, आणि करूही नका.

मग ठरवायचं काय? गाडी किती दिवसांनी येणार ते. कापलेले अवयव, रक्ताने माखलेलं ड्रेसिंग असा कचरा प्रक्रिया न करता ४८ तासांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. केंद्राचा माणूस म्हणेल, "छोटा दवाखाना आहे, आठवड्यातून एकदा येतो." सुंता, गळू फोडणं, दात काढणं, प्रसूती यांतलं काही होत असेल तर तो करार तुमच्या कामाचा नाही, कितीही स्वस्त असो. दुसरं, बिल बेडवर आहे, वजनावर आहे की महिन्याचं ठोक, आणि त्यात पिशव्या व बारकोडची लेबलं धरलीत का. तिसरं, प्रत्येक उचलीची वजनासकट पावती मिळणार का. हे तिसरं लोक विचारतच नाहीत आणि पुढे सगळ्यात जास्त त्यावरच रडतात, कारण अर्जात आणि वार्षिक अहवालात किलो लिहायचे असतात.

त्या किलोंवरून किती अर्ज परत आले याची मोजदाद मी सोडून दिली आहे. नमुना २ मध्ये कचरा रोजचा विचारतात. वार्षिक अहवालात, म्हणजे नमुना ४ मध्ये, वर्षाचा. लोक महिन्याच्या बिलावरचा आकडा दोन्हीकडे टाकतात. समजा पावत्यांवरून महिन्याला १८ किलो निघतोय आणि दवाखाना २६ दिवस चालतो. मग रोजचा साधारण ७०० ग्रॅम, वर्षाचा २१६ किलो. रोजच्या रकान्यात १८ लिहिलंत तर समोरच्याला वाटणार, दोन खोल्यांच्या दवाखान्यात शस्त्रक्रियागृह लपवलंय. शून्य लिहिलंत तर प्रश्न येणारच, इंजेक्शन देता की नाही?

आकडे रंगांप्रमाणे वेगळे द्यायचे. पिवळ्यात ड्रेसिंग, कापूस, अवयव, मुदत संपलेली औषधं. लाल पिशवीत सलाइनच्या नळ्या, हातमोजे, सुई काढलेली सिरिंज. पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात सुया आणि पाती. निळ्यात काच आणि धातूचे इम्प्लांट. डब्याचा कागद, चहाचे कप, रुग्णाचं उरलेलं जेवण यांतल्या कशातच नाही, ते नगरपालिकेच्या गाडीत. वजनावर बिल असेल तर स्टाफला हे शिकवण्यात पैसेही वाचतात. लॅबचे रक्ताचे नमुने आणि कल्चर जागेवरच निर्जंतुक करून मग पिशवीत, थेट नाही.

आता कागदपत्रं. डॉक्टरांचं कौन्सिल रजिस्ट्रेशन, जागेचा पुरावा, केंद्राचं सदस्यत्व प्रमाणपत्र, खाटा असतील तर नर्सिंग होमची नोंदणी, शुल्काची पावती. यांतला कुठलाही कागद दुर्मिळ नाही. अडतं ते कागद एकमेकांशी बोलत नाहीत म्हणून. बिल कमी यावं म्हणून केंद्राला सहा खाटा सांगितलेल्या, नर्सिंग होमच्या नोंदणीत दहा, अर्जात आठ. कुणाला वाटेल, एवढं कोण बघतंय. हेच बघतात. तीनही कागद समोरासमोर ठेवा, आकडा एक करा, कमी सांगितला असेल तर आधी केंद्राचा करार दुरुस्त करून घ्या आणि मगच अर्ज भरा.

नावाचंही तसंच. भाडेकरार डॉक्टरांच्या नावावर, सदस्यत्व 'साई क्लिनिक', पाटीवर 'श्री साई हॉस्पिटल'. माणसाला कळतं की हे एकच, पण फाईलला कळत नाही. आणि पॉलिक्लिनिकमध्ये अर्ज कुणी करायचा, यावर डॉक्टर एकमेकांकडे बघत बसतात. ज्याच्या ताब्यात जागेचा कारभार आहे त्याने. इमारतीच्या मालकाने नाही, आणि पाळीने येणाऱ्या प्रत्येक डॉक्टरनेही नाही.

मुदतीबद्दल दोन गोष्टी उलट्या समजल्या जातात. खाटा नसलेल्यांना प्राधिकारपत्र एकदाच मिळतं, दर वर्षी नूतनीकरण नाही. खाटा असलेल्यांचं मात्र संमतीपत्राच्या (पाणी-हवा प्रदूषणाबाबत मंडळ देतं ती वेगळी परवानगी) मुदतीबरोबर चालतं, ते संपलं की हेही. 'एकदाच' ऐकून बरेच जण दोन सोनोग्राफी खोल्यांच्या जागी चार खाटा टाकतात आणि काहीच कळवत नाहीत. काम बदललं, कचरा बदलला, की नमुना २ पुन्हा भरायचा.

दुसरी गोष्ट ९० दिवसांची. खाटा नसलेल्यांच्या अर्जावर मंडळाने ९० दिवसांत हरकत घेतली नाही तर प्राधिकारपत्र मिळालं असं धरलं जातं, हे खरं आहे. पण ते दिवस पूर्ण भरलेल्या, सगळे कागद जोडलेल्या अर्जापासून मोजतात. सदस्यत्व प्रमाणपत्र "नंतर देतो" म्हणून अर्ज टाकायचा आणि नव्वदाव्या दिवशी पेढे वाटायचे, असं होत नाही. हे मी एका तालुक्याच्या गावातल्या डॉक्टरांना तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा ते चिडले, मीही चिडलो.

प्राधिकारपत्र मिळाल्यावर गाडी ठरल्या दिवशी आली नाही तर? फोन करून केंद्राला शिव्या घालून भागत नाही. मंडळाला लगेच कळवणं ही तुमची जबाबदारी आहे, लेखी, तारखेसह. तपासणीत कोपऱ्यात चार दिवसांच्या पिशव्या सापडल्या की तो एक ईमेलच तुमच्या बाजूने उभा राहतो.

वार्षिक अहवाल ३० जूनपर्यंत. इथे नेहमीची चूक म्हणजे एप्रिल ते मार्च धरणं. सीए आर्थिक वर्षाचे आकडे देतो, तेच टाकले जातात. अहवाल जानेवारी ते डिसेंबरचा, आधीच्या कॅलेंडर वर्षाचा. 'एकदाच' वालं प्राधिकारपत्र असलं तरी अहवाल दर वर्षी. तो स्वतःच्या संकेतस्थळावरही टाकायचा आहे, खाटांची संख्या कितीही असो. दोन खोल्यांच्या दवाखान्याने संकेतस्थळ कुठून आणायचं, हे नियम लिहिणाऱ्यांनाच ठाऊक. शिवाय रोजची नोंदवही आणि पावत्या पाच वर्षं जपायच्या. आणि सुई टोचण्यासारख्या अपघातांचा रकाना असतो, तो काही घडलं नाही म्हणून कोरा सोडू नका. 'निरंक' लिहा. कोरा रकाना दिसला की पुन्हा त्रुटी, पुन्हा लॉगिन, आणि पुन्हा तोच सायबर कॅफेवाला.