कार्नेशन क्रांतीचे यशापयश

२५ एप्रिल १९७४ रोजी पोर्तुगालच्या मधल्या फळीतील लष्करी अधिकाऱ्यांनी उठाव करून १९३३ पासूनची ‘एश्तादु नोव्हु’ ही हुकूमशाही राजवट एका दिवसात उलथवली. लिस्बनकरांनी सैनिकांच्या बंदुकांत कार्नेशनची लाल फुले खोचली, त्यावरून ‘कार्नेशन क्रांती’ हे नाव पडले. राजवट कोसळणे एवढीच यशाची कसोटी मानली, तर निकाल त्याच संध्याकाळी लागला होता. ती कसोटी मात्र अपुरी आहे. क्रांतीला तिच्याच वचनांनी मोजणे अधिक न्याय्य, आणि या अधिकाऱ्यांचा कार्यक्रम तीन शब्दांत सांगितला जातो : लोकशाही, वसाहतींची मुक्ती, विकास.

लोकशाही आली आणि टिकली. बरोबर वर्षभराने संविधान सभेसाठी निवडणूक झाली, तीत ९० टक्क्यांहून अधिक मतदान झाले. पण २५ नोव्हेंबर १९७५ रोजी डाव्या सैनिकी तुकड्यांचे बंड मोडून काढले गेले, आणि या तारखेवरून मते आजही दुभंगतात. मवाळांच्या लेखी त्या दिवशी क्रांती वाचली. दक्षिण पोर्तुगालमधल्या आलेंतेजू प्रांताच्या शेतमजुरांच्या लेखी ती तिथून मागे फिरली. त्यांनी मोठ्या जमीनदारांची सुमारे दहा लाख हेक्टर जमीन ताब्यात घेऊन सामूहिक शेती सुरू केली होती. पुढच्या वर्षांत त्यातली बरीचशी जुन्या मालकांकडे परत गेली. १९७६ च्या संविधानाने अपरिवर्तनीय ठरवलेले राष्ट्रीयीकरणही १९८९ च्या दुरुस्तीने मागे घेता येऊ लागले. विकासाच्या बाजूने १९८६ मधला युरोपीय समुदायातील प्रवेश सांगतात.

वसाहतींचा हिशेब सर्वांत अवघड. मोझांबिक व अंगोला १९७५ मध्ये स्वतंत्र झाले, पण अंगोलातील यादवी २००२ पर्यंत चालली. पूर्व तिमोर डिसेंबर १९७५ मध्ये इंडोनेशियाने गिळला. गोवा १९६१ मध्येच मुक्त झाला होता, तरी लिस्बन ते मान्य करत नव्हते. भारताच्या सार्वभौमत्वाला मान्यता देणारा करार झाला तो क्रांतीनंतर, ३१ डिसेंबर १९७४ रोजी.

‘रक्तहीन’ हे विशेषणही तपासून वापरावे. उठावाच्या दिवशी गुप्त पोलिसांच्या गोळीबारात चौघे मरण पावले. शिवाय वसाहती राखण्यासाठीच्या ज्या युद्धाला कंटाळून अधिकारी उठले, ते आफ्रिकेत १९६१ पासून चालू होते. तिथले मृत या क्रांतीच्या हिशेबात धरलेच पाहिजेत, कारण राजवट खिळखिळी केली ती तिथल्या मुक्तिसैनिकांनी. गिनी-बिसाऊने तर सप्टेंबर १९७३ मध्येच, म्हणजे लिस्बनमधल्या उठावाच्या सात महिने आधी, आपले स्वातंत्र्य जाहीर केले होते.