आभासी जगात जायला डोळ्यांवर चढवायचा हेडसेट लागतोच का?

"हेडसेट घेतल्याशिवाय आभासी जगात जाताच येत नाही," हा मेसेज गावोगावच्या ग्रुपवर वर्षानुवर्षं फिरतोय. ते खरं नाही. आभासी जग म्हणजे संगणकाने उभी केलेली जागा, जिथे आपण फिरू-खेळू शकतो. २००३ पासूनचं सेकंड लाइफ नावाचं असं जग संगणकाच्या साध्या पडद्यावर, माउस-कीबोर्डने चालतं. रोब्लॉक्स आणि विकतचं माइनक्राफ्ट हे खेळ तर मोबाइलवरही.

यांच्यातला खरा फरक म्हणजे नेट लागतं की नाही. विदर्भातल्या खेड्यात वीज गेली की बरेचदा रेंजही जाते, म्हणून हाच आधी बघावा. फोन एअरप्लेन मोडवर टाका आणि माइनक्राफ्टमध्ये आधी तयार केलेलं स्वतःचं जग उघडा. ते उघडतं, कारण ते फोनमध्येच साठवलेलं असतं. रोब्लॉक्स अडतं, त्याचा खेळ सर्व्हरवर, म्हणजे नेटने जोडलेल्या दूरच्या संगणकावर चालतो. आणि रोब्लॉक्समध्ये स्वतःचा खेळ बनवायचा असेल, तर त्याचं खेळ बनवायचं सॉफ्टवेअर, स्टुडिओ, संगणकावरच टाकावा लागतो.