विकायला नसलेलं नवं घड्याळ

पोलादी रोलेक्स डेटोना बघायला अधिकृत दुकानात गेलं, तर घड्याळ काचेच्या कपाटात दिसतं. शेजारी बोटभर पाटी असते: 'फक्त प्रदर्शनासाठी'. नाव-नंबर लिहून घेतात, कॉफी विचारतात, कळवू म्हणतात. तेच घड्याळ, कुणीतरी दोन वर्षं घातलेलं आणि पट्ट्याच्या कडीवर ओरखडे पडलेलं, जुन्या घड्याळांच्या व्यापाऱ्याकडे आज संध्याकाळी मिळू शकतं. फक्त नव्याच्या छापील किमतीपेक्षा महाग.

मोटार, मोबाइल, सोफा, कशाचंच गणित सहसा असं उलटं चालत नाही. महागड्या घड्याळांतही ते सरसकट चालत नाही. बहुतेक ब्रँडांची घड्याळं दुकानाची पायरी उतरताच उतरतात, तीही चांगली घसघशीत. मूठभर मॉडेलं तेवढी चढतात. त्यामुळे 'नवं घ्यावं की वापरलेलं?' हा प्रश्न गिऱ्हाईक आवडीचा म्हणून विचारत असलं, तरी त्याचं अर्धं उत्तर कारखान्यात ठरलेलं असतं. घड्याळं किती काढायची, कुणाच्या हाती द्यायची, दुरुस्तीचे सुटे भाग कुणाला द्यायचे नाहीत, यावर ते ठरतं. हे असं का झालं, हे कळायला पन्नासहून अधिक वर्षं मागे जावं लागतं.

२५ डिसेंबर १९६९ला टोकियोत सेइकोने 'ॲस्ट्रॉन' बाजारात आणलं. हे जगातलं पहिलं क्वार्ट्झ, म्हणजे सेल आणि स्फटिकाच्या कंपनांवर चालणारं, मनगटी घड्याळ. सोन्याच्या केसमधल्या (म्हणजे बाहेरच्या डबीतल्या) या घड्याळाची किंमत साडेचार लाख येन होती, म्हणजे त्या वेळच्या टोयोटा कोरोला गाडीच्या जवळपास. असलं सेलचं घड्याळ ही तेव्हा श्रीमंती होती, हे आज सांगूनही पटत नाही. पण दहा-बारा वर्षांत सेलची घड्याळं इतकी स्वस्त झाली की चावीचं घड्याळ म्हणजे आजोबांची वस्तू ठरली. स्वित्झर्लंडच्या घड्याळ उद्योगात १९७०च्या सुमाराला नव्वद हजार माणसं कामाला होती. १९८०च्या दशकाच्या मध्यावर ती तीस हजारांच्या थोडी वर उरली.

त्या पडझडीतली एक गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण आजच्या त्या 'प्रदर्शनासाठी'च्या पाटीशी तिचा सरळ संबंध आहे. स्वित्झर्लंडमधल्या ल लोक्ल गावातल्या झेनिथ कंपनीने १९६९मध्येच 'एल प्रिमेरो' नावाचं ऑटोमॅटिक (हात हलला की आपोआप चावी बसणारं) क्रोनोग्राफ (स्टॉपवॉचही असलेलं) मशीन काढलं होतं. (घड्याळाच्या आतल्या यंत्राला आपल्याकडचे कारागीर मशीनच म्हणतात, तोच शब्द इथे वापरतो.) १९७५मध्ये अमेरिकन मालकांचा हुकूम आला: यांत्रिक घड्याळं बंद, त्यांची हत्यारं भंगारात काढा. शार्ल व्हर्मो नावाच्या कारखान्यातल्या प्रमुख कारागिराने विनवण्या केल्या, त्या कुणी ऐकल्या नाहीत. मग त्याने दिवसाचं काम संपल्यावर साचे, कापायची हत्यारं आणि कागदपत्रं थोडी थोडी करून माळ्यावर नेली, त्यांवर खुणा घातल्या, कोणतं काय ते वहीत टिपलं आणि गप्प बसला. दहाएक वर्षांनी यांत्रिक घड्याळांना पुन्हा मागणी आली तेव्हा झेनिथला नव्याने साचे पाडावे लागले नाहीत. माळा उघडला.

तेच मशीन रोलेक्सने घेतलं, त्यात बरेच बदल केले, तासाला ३६,००० ठोके होते ते २८,८००वर आणले आणि १९८८मध्ये पहिली ऑटोमॅटिक डेटोना काढली. ती मागणीला पुरेना, प्रतीक्षायाद्या लागल्या. त्याआधीच्या चावीच्या डेटोना १९६३पासून दुकानांत होत्या आणि बऱ्याचदा तिथेच धूळ खात होत्या, विशेषतः ठळक आकड्यांच्या दुरंगी तबकडीच्या. आता इटलीतले संग्राहक त्याच तबकड्या शोधत फिरू लागले. पॉल न्यूमन या नटाच्या मनगटावर तसलीच तबकडी होती, म्हणून तिला त्याचं नाव पडलं. त्याच्या घड्याळाच्या पाठीवर पत्नी जोन वुडवर्डने 'गाडी जपून चालव' अशा अर्थाचे शब्द कोरून घेतले होते. १९८४च्या उन्हाळ्यात न्यूमनने ते मुलीच्या मित्राला देऊन टाकलं. पोराकडे घड्याळ नव्हतं, एवढंच निमित्त. २६ ऑक्टोबर २०१७ला न्यूयॉर्कमध्ये फिलिप्स या लिलावघरात त्याचे १ कोटी ७७ लाख डॉलर आले.

वापरलेल्या घड्याळाचं भंगार न होता ऐवज कसा झाला, त्यात लिलावघरांचा वाटा मोठा. अँटिकोरम हे फक्त घड्याळांवर पोसलेलं लिलावघर १९७४मध्ये जिनिव्हात निघालं, आणि १९८९मध्ये त्याने एकट्या पाटेक फिलिप या स्विस कंपनीच्या घड्याळांचा लिलाव भरवला. पाटेकने यातून नेमका धडा घेतला. १९९६पासूनच्या त्यांच्या जाहिरातीत बाप आणि मुलगा दिसतात आणि मतितार्थ असा, की हे घड्याळ तुमचं नसतंच, पुढच्या पिढीसाठी तुम्ही ते सांभाळता. माझ्या मते या धंद्यातली ही सगळ्यात हुशार ओळ आहे. नवं घड्याळ विकताना त्याचं जुनेपण आधीच विकून टाकलं.

सोन्याचा भाव सोन्याला, हा हिशेब तर त्याआधीच मोडला होता. १९७२मध्ये ओदमार पिगे या स्विस कंपनीने जेराल्ड जेंटा या आरेखनकाराकडून 'रॉयल ओक' आखून घेतलं: अष्टकोनी कडं, त्यावर उघडे दिसणारे आठ स्क्रू, केस-पट्टा पोलादाचा, आणि किंमत अनेक सोन्याच्या घड्याळांच्या वर. लोकांनी नाकं मुरडली. १९७६मध्ये जेंटाच्याच हातचं पाटेकचं 'नॉटिलस' आलं, तेही पोलादी. आज जी घड्याळं छापील किमतीच्या वर विकली जातात, त्यांत ही दोन कुळं आणि रोलेक्सची काही पोलादी मॉडेलं हाच मुख्य भरणा आहे.

आता उलटी बाजू. २००० नंतर चीनच्या पैशावर स्विस कारखाने भरमसाट माल काढू लागले होते. ऑगस्ट २०१२मध्ये शान्शी प्रांतात एका भीषण बस अपघाताच्या जागी यांग दाकाय हा सरकारी अधिकारी हसताना छायाचित्रात दिसला. संतापलेल्या लोकांनी त्याची जुनी छायाचित्रं धुंडाळली, तर प्रत्येकात मनगटावर वेगळंच महागडं घड्याळ. पगारात न बसणारं. पुढच्या वर्षी त्याला १४ वर्षांची शिक्षा झाली. शी जिनपिंग यांच्या भ्रष्टाचारविरोधी मोहिमेत घड्याळ भेट देणं-घेणं दोन्ही जोखमीचं झालं, आणि हाँगकाँगच्या दुकानांत माल तुंबला. तुंबलेला माल मागच्या दाराने सवलतीत बाहेर पडतो. यालाच ग्रे मार्केट म्हणतात: घड्याळ अस्सल, न वापरलेलं, पण अधिकृत साखळीबाहेरचं. पंचवीस-तीस टक्के सूट देणारं 'नवं' घड्याळ बाहेर मिळत असेल, तर वापरलेल्याला कोण विचारणार आणि दुकानातल्या पूर्ण किमतीच्या नव्याला तरी कोण? कार्तिए वगैरे ब्रँडांची मालक असलेल्या रिशमाँ कंपनीने शेवटी दोनएक वर्षांत सुमारे ४८ कोटी युरोंची घड्याळं दुकानदारांकडून परत घेतली आणि बरीचशी मोडून सुटी केली. नवं घड्याळ मोडून जुन्याचा भाव सावरायचा, असा हा प्रकार.

मार्च २०२०मध्ये महासाथीमुळे स्विस कारखाने काही आठवडे बंद पडले, आणि घरी बसलेल्यांच्या खात्यात पैसे साठले. शेअर, क्रिप्टो आणि घड्याळ यांत फरक न करणारं नवं गिऱ्हाईक आलं. पाटेकने २०२१च्या सुरुवातीला नॉटिलसचं ५७११ हे मॉडेल बंद करतो म्हणून जाहीर केलं आणि निरोपाला हिरव्या तबकडीची आवृत्ती काढली. तिची किंमत तीस हजार युरोंच्या आसपास. जुलैमध्ये तसलं एक मोनॅकोच्या लिलावात ४ लाख १६ हजार युरोंना गेलं. ते कारखान्याच्या सीलबंद पाकिटात होतं. म्हणजे कागदावर एका हातून दुसऱ्या हाती आलेलं, पण कुठल्याच मनगटाने न पाहिलेलं. 'वापरलेलं' या शब्दाचा अर्थ तिथे संपला. २०२२च्या वसंतानंतर हे भाव घसरत गेले आणि शिखरावर घेतलेल्यांचे हात पोळले. पोलादी डेटोना मात्र छापील किमतीच्या खाली आली नाही.

इतकी वर्षं कारखानदार या दुसऱ्या बाजाराकडे नाक वर करून बघत होते. पैसा तिथेच आहे हे दिसल्यावर एकेक जण उतरला. रिशमाँने २०१८मध्ये वॉचफाइंडर ही जुनी घड्याळं विकणारी ब्रिटिश कंपनी घेतली. डिसेंबर २०२२मध्ये खुद्द रोलेक्सने 'सर्टिफाइड प्री-ओन्ड' योजना आणली, तीही बुशरर या दुकानसाखळीतून. सुरुवातीचा नियम असा, की किमान तीन वर्षं जुनं घड्याळ तपासून, मोहोर लावून, दोन वर्षांच्या हमीसह विकायचं. ऑगस्ट २०२३मध्ये रोलेक्स बुशररच विकत घेत असल्याची बातमी आली. नाव मोटारींच्या धंद्यातून उसनं आणलेलं, पण मोटार कंपनी जुन्या गाडीचा भाव सहसा नव्याच्या वर लावत नाही. इथे मोहोरेचे वेगळे पैसे पडतात, आणि तेच घड्याळ मोहोरेविना बाहेर बहुधा स्वस्त असतं.

मोहोरेला एवढा भाव का, याचं एक कारण दुरुस्तीत आहे. यांत्रिक घड्याळ सर्व्हिसिंगशिवाय चालत नाही आणि सर्व्हिसिंग सुट्या भागांशिवाय होत नाही. २०१५च्या अखेरीस ओमेगा वगैरे ब्रँडांची मालक असलेल्या स्वॉच ग्रुपने सुट्या भागांच्या घाऊक विक्रेत्यांचा पुरवठा थांबवला. आणखी काही बड्या कंपन्यांचे दरवाजे आधीच बंद होते. ओमेगा जुना घ्या वा नवा, गास्केट (पाणी अडवणारं रबरी कडं) आणि स्प्रिंगसाठी वाट कंपनीकडेच जाते.

भाग मिळाले नाहीत की काय होतं, हे मुंबईने जगाला दाखवून ठेवलंय. परदेशी संग्राहकांच्या भाषेत 'बॉम्बे स्पेशल' ही शिवी आहे. आपल्याकडे आयातीवर कडक बंधनं होती. १९६१पासून बंगळुरूत सिटिझन या जपानी कंपनीच्या मदतीने एचएमटी घड्याळं बनवू लागली. बाकी 'फॉरेन'चं घड्याळ म्हणजे कुणी आणलेलं, नाहीतर सोन्यासोबत चोरून किनाऱ्याला लागलेलं. ते बिघडलं की भाग कुठून आणणार? मग तीन घड्याळांतून एक चालतं करायचं. चोरबाजारातल्या मटण स्ट्रीटवर किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात असलं एखादं फाव्र-ल्यूबा हातात घेऊन बघा. तबकडी भगवी किंवा मोरपंखी, जी त्या कंपनीने कधी काढलीच नव्हती. अक्षरं जाड, शाई कडेला फुटलेली. मिनिटांच्या रेघा आकड्यांशी जुळत नाहीत, मिनिटकाटा रेघांपर्यंत पोचत नाही. केसच्या धारा पॉलिश करकरून साबणाच्या वडीसारख्या गुळगुळीत. आणि टिकटिक व्यवस्थित चालू! फसवणूक म्हणून त्याला हिणवतात, पण मला त्यात कारागिराचा नाइलाजही दिसतो. विकताना 'ओरिजिनल' म्हणून विकलं, तिथे मात्र नाइलाज संपतो.

म्हणूनच या धंद्यात डबा आणि कागद यांना जीव टाकतात. वॉरंटी कार्ड, पहिली पावती, पट्ट्यातल्या काढलेल्या कड्या, सर्व्हिसिंगची बिलं. भारतात यात कस्टम्सच्या पावतीची भर पडते, कारण दुबईहून मनगटावर घालून आलेली घड्याळं थोडीथोडकी नाहीत. वापरलेला माल परवान्याविना आयात करता येत नाही, त्यामुळे इथल्या जुन्या घड्याळांच्या दुकानात येतं ते मुख्यतः आधीच देशात असलेलं, कपाटातून आणि बँकेच्या लॉकरमधून निघालेलं. करांचा तराजूही निराळा. नव्या घड्याळावर पूर्ण किमतीवर १८ टक्के जीएसटी. जुनं विकणारा व्यापारी ते सामान्य माणसाकडून विकत घेऊन विकत असेल, तर त्याला कर फक्त आपल्या नफ्याच्या फरकावर भरता येतो. २२ एप्रिल २०२५पासून दहा लाखांवरच्या घड्याळावर विक्रेता गिऱ्हाइकाकडून १ टक्का टीसीएसही (विक्रीच्या वेळीच गोळा होणारा आगाऊ आयकर) घेतो. तो मात्र आयकरात वळता होतो.

नव्या स्विस घड्याळावर अधिभार धरून २२ टक्के आयातशुल्क होतं. मार्च २०२४मध्ये भारताने स्वित्झर्लंडसह एफ्टा या युरोपीय व्यापारगटाच्या चार देशांशी केलेला करार १ ऑक्टोबर २०२५ला लागू झाला. त्यात हे शुल्क सात वर्षांत टप्प्याटप्प्याने शून्यावर आणायचं ठरलं आहे. जुन्या घड्याळांचे व्यापारी मुंबईत भाव सांगताना नव्याची इथली किंमत डोळ्यांसमोर ठेवतात, आणि त्या किमतीत हे शुल्क मुरलेलं आहे. दरवर्षी ते थोडं उतरणार. लॉकरमधलं घड्याळ आज काढावं की आणखी दोन वर्षं ठेवावं, हा हिशेब मालक आता करू लागले आहेत. पोलादी डेटोनाच्या मालकाला तो करायची फारशी गरज नाही, कारण तिची छापील किंमत उतरली तरी कपाटातली पाटी हलत नाही.