निलगिरी पर्वतीय रेल्वे

तमिळनाडूतील मेट्टुपाळयम ते उदगमंडलम (उटी) हा सुमारे 46 किमी. लांबीचा मीटरगेज लोहमार्ग. कोइंबतूरहून येणारा ब्रॉडगेज मार्ग जिथे संपतो तिथून तो सुरू होतो आणि समुद्रसपाटीपासून सुमारे 330 मी. उंचीवरून 2,203 मी. उंचीवर जातो. कल्लार ते कुन्नूर या सुमारे 19 किमी.च्या टप्प्यात रुळांच्या मधोमध दातेरी पट्ट्या बसवलेल्या आहेत. दातेरी पट्टीच्या आधाराने चढणारी भारतातील ही एकमेव रेल्वे. याच टप्प्यावर आजही प्रवासी गाडीला रोज वाफेचे इंजिन लागते. जुलै 2005 मध्ये दक्षिण आफ्रिकेतील डर्बन येथील बैठकीत युनेस्कोने तिला जागतिक वारसा यादीत घेतले. दार्जिलिंगची रेल्वे 1999 पासून त्या यादीत होती आणि कालका–सिमला 2008 मध्ये आली. या तिन्ही मिळून ‘भारतातील पर्वतीय रेल्वे’ अशी एकच नोंद आहे.

पायथ्याचा मार्ग. उटीच्या गाडीविषयी लिहिताना बहुतेक जण मेट्टुपाळयमपासून सुरुवात करतात. खालच्या मार्गाची त्यामुळे उपेक्षा होते, पण तो नसता तर वरचाही झाला नसता. मद्रासहून पश्चिम किनाऱ्यावरील बेपूरपर्यंत जाणारी मद्रास रेल्वेची मुख्य वाट 1862 मध्ये पुरी झाली. ती पोदनूरवरून गेली आणि कोइंबतूर शहर बाजूला राहिले. 1873 मध्ये पोदनूर–कोइंबतूर–मेट्टुपाळयम हा फाटा सुरू झाला. म्हणजे आज गजबजलेले कोइंबतूर स्थानक मुळात निलगिरीच्या वाटेवरचे एक स्थानक होते.

कोइंबतूर ते मेट्टुपाळयम हे अंतर सुमारे 36 किमी. आहे. तुडियलूर, पेरियनायकनपाळयम, कारमडै ही वाटेतली स्थानके. त्यावर धावणाऱ्या मेमू (विजेवरच्या लोकल) गाड्यांत पर्यटक थोडे आणि शहरात कामाला, शिकायला जाणारे जास्त असतात. चेन्नईहून रात्री निघणारी निलगिरी एक्सप्रेस सकाळी मेट्टुपाळयमला पोचते आणि तिच्यातून उतरलेले प्रवासी सामान उचलून शेजारच्या मीटरगेज गाडीकडे निघतात. रुळांचे माप वेगळे असल्याने डबा पुढे जाऊ शकत नाही, माणसालाच गाडी बदलावी लागते. मेट्टुपाळयमची बाजारपेठही याच अदलाबदलीवर वाढली. डोंगरावरचा बटाटा, गाजर, कोबी इथे उतरतो आणि इथून सखल भागात जातो. हा माल आता ट्रकने येतो.

इतिहास. डोंगरावर रेल्वे न्यावी ही सूचना 1854 मधली. उटी आणि कुन्नूर ही इंग्रज अधिकाऱ्यांची उन्हाळ्यातली ठिकाणे होती आणि तिथवरची घाटवाट बैलगाड्या, टांगे आणि डोल्यांची. तरी काम सुरू व्हायला 37 वर्षे लागली. अडचण पैशाची होती आणि चढाचीही. स्वित्झर्लंडमध्ये रिगी डोंगरावर दातेरी रेल्वे बांधणारे अभियंते निक्लाउस रिगेनबाख 1882 मध्ये निलगिरीत येऊन जागा पाहून गेले आणि त्यांनी खर्चाचा अंदाजही दिला. त्यानंतर कंपनी उभी राहिली, मोडली, पुन्हा उभी राहिली. मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड वेनलॉक यांच्या हस्ते ऑगस्ट 1891 मध्ये कामाचा प्रारंभ झाला. ही कंपनीही काही वर्षांत बुडाली आणि नव्या कंपनीने काम पुढे नेले. कुन्नूरपर्यंतचा मार्ग जून 1899 मध्ये सुरू झाला. 1903 मध्ये सरकारने तो विकत घेतला, आणि कुन्नूरच्या पुढे फर्नहिल व तिथून उटी असा तो 1908 मध्ये पूर्ण झाला. पहिल्या सूचनेपासून उटीला गाडी पोचेपर्यंत 54 वर्षे गेली.

चढ आणि दातेरी पट्टी. गुळगुळीत पोलादी रुळावर पोलादी चाक एका मर्यादेपर्यंतच पकड धरते. भोर घाटातला सर्वांत तीव्र चढ 1:37 आहे, म्हणजे 37 मी. पुढे गेल्यावर 1 मी. उंची, आणि तिथेही गाडीला मागून जोड-इंजिन लावावे लागते. माथेरानच्या छोट्या गाडीने 1:20 पर्यंत मजल मारली. कल्लारच्या पुढे चढ जवळजवळ 1:12 होतो. इतक्या चढावर साध्या रुळांवरची गाडी ओढून नेता येत नाही, आणि उतरताना थांबवता येईल याची तर अजिबात खात्री नसते.

यावरचा उपाय रोमान आब्ट या स्विस अभियंत्याच्या पद्धतीतून आला. दोन रुळांच्या मध्ये दात पाडलेल्या दोन उभ्या पट्ट्या शेजारीशेजारी बसवतात. दोन्हींचे दात एकासमोर एक नसतात. एका पट्टीचा दात जिथे, तिथे दुसरीची खाच येते. इंजिनाखालच्या दातेरी चक्राचा एक दात सुटत असतो तेव्हा दुसरा आधीच अडकलेला असतो, त्यामुळे पकड सुटत नाही आणि हिसकाही बसत नाही. रिगेनबाख यांची पद्धत शिडीसारखी होती, दोन बाजूंच्या पट्ट्यांत आडवे गज. आब्ट यांची पद्धत वळणांना अधिक सोयीची, आणि निलगिरीत वळणे दोनशेहून अधिक आहेत. जिथे पट्टी सुरू होते तिथला तिचा पहिला तुकडा स्प्रिंगवर बसवलेला असतो. गाडी तिथे अगदी हळू येते, चक्राचे दात खाचांत बसेपर्यंत तो तुकडा किंचित दबतो, आणि मग डब्याखालून एक नवा खडखडाट सुरू होतो. डोळे मिटून बसलेल्या प्रवाशालाही दातेरी टप्पा लागल्याचे त्यावरून कळते. इथे कमाल वेग ताशी 13 किमी.

इंजिने. या मार्गाची ओळख बनलेली ‘एक्स’ वर्गाची इंजिने स्वित्झर्लंडमधील विंटरथूरच्या कारखान्यात बांधली गेली. 1914 ते 1925 या काळात 12 आणि 1952 मध्ये 5, अशी एकूण 17. त्यांना चार सिलिंडर असतात, प्रत्येक बाजूला दोन, एकावर एक. खालचे उच्च दाबाचे सिलिंडर रुळांवरची चाके फिरवतात, वरचे कमी दाबाचे सिलिंडर दातेरी चक्रे. सपाट टप्प्यात फक्त खालचेच चालतात. दातेरी टप्पा आला की त्यांतून बाहेर पडलेली वाफ वाया न घालवता वरच्या सिलिंडरांत सोडतात. एकाच वाफेकडून दोनदा काम करून घेण्याची ही युक्ती. फलाटावरून पाहणाऱ्याला कल्लारपर्यंत बाजूचे वरचे दांडे स्वस्थ दिसतात आणि चढ लागला की तेही हलू लागतात.

इंजिन नेहमी उताराच्या बाजूला, म्हणजे चढताना गाडीच्या मागे असते. डब्यांमधली जोडणी तुटली तरी डबे इंजिनावर टेकून राहावेत, मोकळे घरंगळू नयेत, हे त्याचे कारण. मात्र यामुळे ड्रायव्हरला पुढची वाट दिसत नाही. सर्वांत पुढच्या डब्याच्या उघड्या सज्ज्यात उभा असलेला ब्रेकमन त्याच्यासाठी पुढच्या रुळांवर नजर ठेवतो. प्रत्येक डब्यावर एकेक ब्रेकमन असतो आणि हिरव्या-तांबड्या झेंड्यांची खूण एका डब्यावरून दुसऱ्यावर जात इंजिनापर्यंत पोचते. डब्यांना दोन प्रकारचे ब्रेक असतात, एक चाकांवरचा आणि दुसरा दातेरी पट्टीत अडकलेल्या चक्रावरचा. उतरताना खरी कसोटी याच माणसांच्या हातांची. छायाचित्रे सगळी इंजिनाची निघतात, ब्रेकमनच्या वाट्याला फारशी येत नाहीत.

वाफ का टिकली. देशातल्या इतर मार्गांवरून वाफेची इंजिने गेली तेव्हा इथली राहिली. वारशाचे प्रेम हे त्याचे कारण सांगितले जाते, पण ते नंतरचे आहे. कुन्नूर ते उटी या टप्प्यात दातेरी पट्टी नाही, चढ सुमारे 1:25 आहे, आणि तिथे डिझेल इंजिने केव्हाच आली. दातेरी टप्प्यावर मात्र डिझेल इंजिन नियमित सेवेत आलेच नाही. इतक्या छोट्या मार्गासाठी अगदी वेगळ्या घडणीचे इंजिन नव्याने तयार करण्यापेक्षा जुनी दुरुस्त करत राहणे व्यवहाराचे होते. युनेस्कोची मोहोर उमटल्यावर हा व्यवहार धोरण बनला. काही इंजिने कोळशावरून तेलावर आणली गेली. तेलामुळे सुक्या जंगलात ठिणग्या उडण्याचा धोका कमी होतो. तिरुचिरापल्लीच्या गोल्डन रॉक कारखान्याने 2011 पासून जुन्या घडणीनुसार तेलावर चालणारी नवी इंजिने बांधली आणि पुढे कोळशावरचे इंजिनही बांधले. एकविसाव्या शतकात सरकारी कारखान्यात रोजच्या सेवेसाठी वाफेचे नवे इंजिन तयार व्हावे, ही गोष्ट जुने इंजिन जपण्यापेक्षा मोठी मानायला हवी. त्यासाठी लागणारे कारागीर तयार ठेवावे लागतात आणि ते संग्रहालयात तयार होत नाहीत.

मार्ग. मेट्टुपाळयम सोडल्यावर गाडी भवानी नदी ओलांडते आणि सुपारीच्या बागांमधून कल्लारला येते. पुढे ॲडर्ली, हिलग्रोव्ह, रनीमेड, काटेरी रोड ही स्थानके. आसपास वस्ती जवळपास नाही. इंजिनाला पाणी पाजणे हा थांबण्याचा मुख्य हेतू. हिलग्रोव्हला प्रवासी पाय मोकळे करतात आणि माकडे त्यांच्या पिशव्यांचा समाचार घेतात. संपूर्ण मार्गावर 16 बोगदे आणि सुमारे 250 लहानमोठे पूल आहेत. बहुतेक मोठे देखावे चढताना आणि कुन्नूरच्या आधी येतात. कुन्नूरला (सुमारे 1,710 मी.) इंजिनांची शेड आहे, तिथे इंजिन बदलते. स्थानकाची मांडणी अशी की उटीकडे निघताना गाडी आधी थोडी मागे येते आणि मग पुढचा चढ धरते. वेलिंग्टनला लष्करी छावणी, अरवंकाडूला 1904 पासूनचा कॉर्डाइटचा (बंदुका-तोफांच्या बिनधुराच्या दारूचा) कारखाना. मग केत्तीच्या दरीतले भाजीचे मळे आणि लव्हडेलवरून उटी.

चढायला सुमारे पाच तास लागतात, उतरायला साडेतीन. रस्त्याने हेच अंतर याच्या निम्म्याहून कमी वेळात कापता येते.

पाऊस आणि दरडी. या उतारावर ईशान्य मोसमी पाऊस जोरात पडतो. त्यामुळे ऑक्टोबर ते डिसेंबर हे महिने मार्गाला सर्वांत कठीण जातात. दरड कोसळून रूळ झाकले जातात, कधी रुळांखालची माती वाहून जाऊन ते अधांतरी लटकतात, आणि सेवा काही दिवस किंवा आठवडे बंद पडते. नोव्हेंबर 2009 मधील अतिवृष्टीने निलगिरी जिल्ह्यात मोठी जीवितहानी झाली तेव्हा रेल्वेमार्गाचेही बरेच नुकसान झाले. अशा वेळी कुन्नूर–उटी टप्पा लवकर सुरू होतो आणि खालचा मागे राहतो. दातेरी पट्टी नुसती जोडून भागत नाही, दातांचे अंतर सांध्यावरही तंतोतंत जुळावे लागते.

मेट्टुपाळयम–उटी अशी पूर्ण वाट धरणारी नियमित गाडी सकाळी वर जाते आणि दुपारी उटीहून परतते. सुटीच्या हंगामात जादा गाड्या असतात, तरी आरक्षण फार आधी संपते. कुन्नूर–उटी दरम्यान दिवसभरात अनेक फेऱ्या आहेत आणि त्यांची तिकिटे तुलनेने सहज मिळतात. पण त्या डिझेलवर चालतात. वाफेचे इंजिन आणि दातेरी चढ पाहायचा असेल तर मेट्टुपाळयम–कुन्नूर टप्प्याचेच तिकीट काढावे लागते.