एअर फिल्टर म्हणजे चाळणी नव्हे

मे महिन्यातल्या एका सकाळी इंदूरच्या राजेंद्रनगरातील आमच्या गल्लीत शेजारचे काका आपल्या मोटारीचा एअर फिल्टर, म्हणजे इंजिनात जाणारी हवा गाळणारा घड्यांचा कागद, ओट्याच्या कडेवर धपाधप आपटत होते. दर महिन्याला फिल्टर झटकून त्यावर प्रेशरची हवा मारली की मायलेज वाढते, असा एक संदेश फिरत फिरत त्यांच्यापर्यंत आला होता. मला पाहून त्यांनी करड्या पडलेल्या घड्या पुढे केल्या आणि विचारले, "अहो, २०१७पासून देशातले सर्वांत स्वच्छ शहर म्हणून मिरवतो आपण, मग ही एवढी धूळ येते कुठून?" स्वच्छतेचा क्रमांक मुख्यतः कचऱ्याच्या आणि सांडपाण्याच्या व्यवस्थेवर ठरतो, उन्हाळ्यात भेगाळणारी माळव्याची काळी माती आणि बांधकामांवरची वाळू-गिट्टी त्या क्रमांकाला जुमानत नाही. परंतु काकांच्या प्रश्नापेक्षा त्यांची कृती मला अधिक खटकली, कारण त्या आपटण्यामागे फिल्टर ही एक बारीक चाळणी आहे, हा सार्वत्रिक गैरसमज होता.

१ किलो पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी १४.७ किलो हवा लागते. १ लिटर पेट्रोलचे वजन पाऊण किलोच्या आसपास असते आणि सुमारे ५५० मीटर उंचीवरील इंदूरची हवा समुद्रकाठच्या हवेपेक्षा किंचित विरळ असते, हे धरून हिशेब केला, तर दर लिटर पेट्रोलमागे इंजिन जवळजवळ १० हजार लिटर हवा ओढते. म्हणजे गच्चीवरच्या हजार लिटरच्या दहा टाक्या. या हवेबरोबर येणाऱ्या धुळीतील क्वार्ट्झचा, म्हणजे वाळूतल्या मुख्य खनिजाचा, कठीणपणा मोह्सच्या १ ते १० अशा मापावर ७ आहे आणि सिलिंडरचे ओतीव लोखंड त्याहून मऊ असते. पिस्टनची रिंग आणि सिलिंडर यांच्यामध्ये तेलाचा अवघा काही मायक्रॉन (१ मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचा थर असतो. त्या थराहून थोडा मोठा, साधारणपणे ५ ते २० मायक्रॉनचा कण आत शिरला, की तो दोन्ही पृष्ठभाग खरवडत राहतो.

आता गंमत अशी, की हे कण अडवणाऱ्या कागदाची पुष्कळ छिद्रे ४०-५० मायक्रॉनची, म्हणजे अडवायच्या कणांपेक्षा कितीतरी मोठी असतात. पिठाची चाळणी इतकी सैल असती, तर कोंडा पिठातच राहिला असता. तरीही चांगला कागदी फिल्टर प्रमाणित चाचणीत धुळीच्या वजनाचा ९९ टक्क्यांहून अधिक भाग अडवतो, तो कसा? सूक्ष्मदर्शकाखाली हा कागद जाळीसारखा दिसतच नाही. तो एकमेकांत आडवेतिडवे अडकलेल्या तंतूंचा जाड गालिचा असतो. कणाने भोकात अडकण्याची गरज नसते, त्याने वाटेतल्या कोणत्याही एका तंतूला नुसते शिवले तरी पुरते, कारण एवढ्या लहान अंतरावर रेणूंमधील आकर्षण त्याला तिथेच धरून ठेवते.

तंतूला शिवण्याचे मार्ग तीन आहेत, आणि इंदूरच्या राजवाड्यावरची रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उधळत जाणारी प्रचंड गर्दीची मिरवणूक, ज्यांनी पाहिली आहे त्यांना ते चटकन समजतील. गर्दीच्या मधोमध एक खांब आहे आणि गर्दी त्याच्या दोन्ही बाजूंनी फुटून पुढे सरकते आहे, अशी कल्पना करा. डोक्यावर जड ओझे घेऊन वेगात येणाऱ्या माणसाला ऐनवेळी वळता येत नाही आणि तो सरळ खांबावर आदळतो. हे जडत्वाने होणारे आदळणे. दुसरा माणूस गर्दीबरोबर नीट वळतो, पण अंगाने रुंद असल्यामुळे खांबाला घासून जातो. हे अटकाव होणे. तिसऱ्याला भांग चढली आहे, तो झोकांड्या खात चालतो आणि कधी ना कधी खांबाला धडकतो. ०.१ मायक्रॉनहून लहान कणांचे नेमके असेच होते. हवेचे रेणू त्यांना चहूबाजूंनी टोले देत असतात. जो ना जड, ना रुंद, ना झिंगलेला, तोच सर्वांत सहज निसटतो. त्यामुळे तंतूंच्या फिल्टरमधून सर्वाधिक निसटणारे कण सर्वांत लहान नसून ०.३ मायक्रॉनच्या आसपासचे असतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात धूर अडवणाऱ्या गाळण्यांचा अभ्यास करताना अर्व्हिंग लँगम्यूर या रसायनशास्त्रज्ञाने असाच निष्कर्ष काढला होता.

यातील जडत्वाचा हिशेब मला फार आवडतो, म्हणून वाचकांनी थोडा धीर धरावा. माझ्या गाडीच्या फिल्टरला ५२ घड्या आहेत आणि प्रत्येक घडी ३ सेंटिमीटर खोल आहे. घडीच्या दोन्ही बाजू धरून कागद उलगडला, तर तो ३ मीटरहून लांब आणि १४ सेंटिमीटर रुंद, म्हणजे साधारण ०.४४ चौरस मीटर भरतो. १२०० सीसीचे इंजिन मिनिटाला ४००० फेऱ्यांवर, पूर्ण दाबलेल्या अ‍ॅक्सिलरेटरसह, सेकंदाला जास्तीत जास्त ४० लिटर हवा ओढते. एवढी हवा एवढ्या कागदातून जाताना तिचा वेग सेकंदाला केवळ ९ सेंटिमीटर असतो. या वेगाने येणारा कण, हवा वळल्यानंतरही किती अंतर सरळ जाईल, ते त्याच्या व्यासाच्या वर्गावर अवलंबून असते. १० मायक्रॉनच्या वाळूच्या कणासाठी हे अंतर सुमारे ७५ मायक्रॉन येते, तर १ मायक्रॉनच्या कणासाठी मायक्रॉनहूनही कमी. तंतूची जाडी वीसेक मायक्रॉन धरली, तर पहिला कण आदळतोच. दुसरा मात्र हवेबरोबर अलगद वळून निघून जाऊ शकतो. इंजिनाला ज्यांचे भय, तेच कण असे हमखास सापडतात. धुराचे काही कण निसटले तरी इंजिनाला त्याचे विशेष वाटत नाही, ते स्वतःच काजळी करणारे यंत्र आहे.

यापुढची गोष्ट काकांना पटवणे सर्वांत अवघड गेले. अडकलेला कण स्वतःच एक नवा अडथळा बनतो, त्याच्यावर दुसरा बसतो, आणि कागदावर धुळीचा जो पातळ थर साचतो तो कागदापेक्षाही बारीक गाळतो. म्हणून कोरा फिल्टर थोडा वापरलेल्या फिल्टरपेक्षा कमी कार्यक्षम असतो. प्रेशरच्या हवेने हा थर उडतो, सुटलेले काही कण तंतूंत खोल घुसतात आणि झोत फार जोरात असेल तर कागद विरतो. अर्थात थराला मर्यादा आहे. तो फार जाड झाला, की हवा ओढायला इंजिनाला जास्त जोर लावावा लागतो आणि गाडी चढावर रेंगाळू लागते.

पण मायलेजचे काय? पेट्रोल इंजिनात हवेच्या वाटेवर थ्रॉटलची झडप आधीच असते आणि शहरात गाडी चालवताना आपण ती बहुतांश मिटलेलीच ठेवतो. एकाच नळीवर दोन तोट्या असाव्यात आणि खालची जवळजवळ बंद असावी, तसा हा प्रकार आहे; वरची थोडी आवळल्याने धार फारशी बदलत नाही, आणि बदललीच तर खालची किंचित जास्त उघडली की झाले. शिवाय आत आलेल्या हवेच्या प्रमाणातच पेट्रोल सोडण्याचे काम आता संगणक करतो. अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या २००९च्या अहवालानुसार, अशा गाड्यांत तुंबलेला फिल्टर बदलून इंधनाची बचत झाली नाही. वेग घेण्याचा वेळ मात्र ६ ते ११ टक्क्यांनी सुधारला. संगणकाऐवजी कार्ब्युरेटर नावाच्या साध्या यांत्रिक भागाने हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या जुन्या गाडीत मायलेजचाही २ ते ६ टक्के लाभ दिसला. फिरणारा तो संदेश बहुधा कार्ब्युरेटरच्या जमान्यातला आहे. तोच संदेश पेट्रोलच्या नळीवर चुंबक बांधायलाही सांगतो; त्या चुंबकाची जागा बंपरवरच्या लिंबू-मिरचीशेजारी आहे, फक्त लिंबू-मिरची स्वस्त पडते.

तेल लावलेल्या सुती जाळीचे, धुऊन पुन्हा वापरता येणारे 'परफॉर्मन्स' फिल्टर याच कसोटीवर तपासावेत. त्यांतून हवा अधिक मोकळी जाते, पण त्याची किंमत बहुधा अधिक धूळ आत जाण्यात मोजावी लागते. तेल जास्त झाले, तर काही गाड्यांतील तापलेल्या तारेच्या हवामापकावर ते चढून त्याचे माप चुकवते. फिल्टरचा डबाच काढून बॉनेटखाली शंकूच्या आकाराचा उघडा फिल्टर बसवणारे तर इंजिनाला गरम हवा पाजतात; ३० अंशांची हवा ६० अंशांवर गेली, की तिची घनता ९ टक्क्यांनी घटते. हवा ओढण्याचा आवाज तेवढा वाढतो आणि चालकाला तीच ताकद वाटते. धुळीच्या रस्त्यांवर चालणाऱ्या गाडीसाठी मूळ मापाचा चांगला कागदी फिल्टर वेळेवर घालणे, यापलीकडे मला कोणतीही 'सुधारणा' सुचत नाही.

हे काम घरी दहा मिनिटांचे आहे. इंजिन बंद आणि थंड असताना डब्याच्या क्लिपा किंवा स्क्रू काढावेत, जुना फिल्टर न झटकता सरळ उचलावा, आणि इंजिनाकडे जाणाऱ्या नळीच्या तोंडात फडके कोंबून डबा ओलसर कापडाने पुसावा; ते फडके आठवणीने काढावे. खरे लक्ष रबरी कडेकडे द्यावे. ती खोबणीत नीट बसली नाही, तर हवा कागदाला वळसा घालून त्या फटीतूनच जाते आणि घड्यांचा सगळा हिशेब फुकट जातो.

काकांचा फिल्टर आम्ही उन्हाकडे धरून पाहिला. रंगाने तो करडा असला तरी आणखी काही हजार किलोमीटर सहज चालला असता, पण आपटल्यामुळे चौथ्या घडीपाशी कागद चिरला होता आणि तिथून उजेडाची रेघ स्पष्ट दिसत होती. नवा आणून बसवला तेव्हा त्याच्या कडेवर काकांनी पेनाने तारीख आणि मीटरवरचे किलोमीटर लिहून ठेवले.