चाळिशीनंतरची उदासी आणि टेस्टोस्टेरॉन

पन्नाशीकडे झुकलेल्या पुरुषाची चिडचिड, थकवा आणि उदासी यांचे खापर हल्ली सर्रास टेस्टोस्टेरॉनवर फोडले जाते आणि त्याला ‘पुरुषांची रजोनिवृत्ती’ असे भारदस्त नावही दिले जाते. वास्तविक स्त्रीच्या अंडाशयांचे काम जसे काही वर्षांत थांबते, तसे पुरुषात काही घडत नाही. तिशी-चाळिशीनंतर त्याची टेस्टोस्टेरॉनची पातळी वर्षाला सरासरी १ टक्क्याच्या आसपास उतरत जाते. युरोपातील आठ केंद्रांवर ४० ते ७९ वयाच्या तीन हजारांहून अधिक पुरुषांची पाहणी झाली. तिच्या २०१० मधील निष्कर्षांनुसार, कमी पातळी आणि ठरावीक लैंगिक लक्षणे एकत्र आढळलेले पुरुष जेमतेम २.१ टक्के होते.

तरीही नैराश्याशी या संप्रेरकाचा संबंध आहेच. तो कळण्यासाठी पातळी राखणारी यंत्रणा पाहावी लागते, आणि ती विलक्षण सुंदर आहे. मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस ‘जीएनआरएच’ हे संप्रेरक सलग न सोडता ठरावीक अंतराने, ठोक्याठोक्याने सोडतो. प्रत्येक ठोक्यासरशी पीयूषिका ग्रंथी ‘एलएच’ रक्तात सोडते, ते वृषणांतील लायडिग पेशींपर्यंत पोहोचते आणि तेथे कोलेस्टेरॉलपासून टेस्टोस्टेरॉन तयार होते. ते पुरेसे झाले की ते स्वतः, तसेच त्यापासून बनलेले इस्ट्रोजन, मेंदूतील ठोके मंद करते. टाकी भरल्यावर तरंगता गोळा नळ बंद करतो तसेच. यात ठोक्यांना इतके महत्त्व आहे की जीएनआरएचसारखे औषध सतत दिल्यास पीयूषिका काही दिवसांत प्रतिसादच थांबवते. प्रोस्टेटच्या कर्करोगात टेस्टोस्टेरॉन खाली आणण्यासाठी हेच केले जाते, आणि अशा रुग्णांमध्ये नैराश्याचे प्रमाण वाढलेले दिसते.

मात्र हाच संबंध उलट दिशेनेही चालतो. दीर्घकाळच्या ताणात आणि नैराश्यात वाढणारे कॉर्टिसॉल जीएनआरएचचे ठोके दाबते. पोटावरच्या चरबीतील अ‍ॅरोमॅटेज हे विकर टेस्टोस्टेरॉनचे इस्ट्रोजनमध्ये रूपांतर करते. निरोगी तरुणांना आठवडाभर रात्री पाचच तास झोपू दिले, तेव्हा त्यांची दिवसाची पातळी १० ते १५ टक्क्यांनी घसरल्याचे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या प्रयोगात दिसले. त्यामुळे झोप उडालेल्या, वजन वाढलेल्या, खिन्न माणसाच्या रिपोर्टवरचा कमी आकडा हे त्याच्या खिन्नतेचे कारण नसून परिणामही असू शकतो.

‘मर्दानी ताकदी’च्या जाहिरातींना अर्थातच या भानगडीत पडायचे नसते. ब्राउन-सेकार या नामवंत शरीरशास्त्रज्ञाने १८८९ मध्ये, वयाच्या ७२ व्या वर्षी, कुत्रा आणि गिनीपिग यांच्या वृषणांचा अर्क टोचून घेतला आणि आपण पुन्हा ताजेतवाने झाल्याचे जाहीर केले. वस्तुतः त्या पाणीदार अर्कात संप्रेरक नगण्यच असणार. अमेरिकेत ६५ वर्षांवरील, कमी पातळी असलेल्या पुरुषांवर खऱ्या टेस्टोस्टेरॉनची चाचणी झाली, तिच्या २०१६ मधील अहवालातही मनःस्थितीतील सुधारणा अल्पच होती.

शिवाय बाहेरून टेस्टोस्टेरॉन दिले की एलएच आणि शुक्राणूंच्या निर्मितीला चालना देणारे पीयूषिकेचेच दुसरे संप्रेरक ‘एफएसएच’ उतरतात व शुक्राणूंची निर्मिती घटते, त्यामुळे मूल हवे असलेल्या पुरुषाने ते परस्पर घेणे धोक्याचे आहे. निदानासाठी सकाळचे रक्त किमान दोन वेगवेगळ्या दिवशी तपासावे लागते, कारण पातळी सकाळी सर्वाधिक असते आणि दुपारनंतर उतरते. नैराश्याचे उपचार मात्र या रिपोर्टसाठी थांबवून ठेवायचे नसतात.