आधी खिडकी, मग कॅमेरा: मांजर पाळणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

नागपुरात बर्डीवरच्या आमच्या कॅमेऱ्यांच्या दुकानात दर आठवड्याला कुणी ना कुणी फोन पुढे करून विचारतं, "भाऊ, आमच्या मनीचे फोटो काहून असे येऊन राहिले? चांगला कॅमेरा दाखवा न एखादा." फोनमध्ये बहुधा तीनच प्रकार दिसतात: धुरकट शेपटी, भुतावानी चमकणारे हिरवे डोळे, नाहीतर सोफ्यावर पडलेला एक काळा गोळा. या तिघांपैकी एकाच दुखण्यावर नवा कॅमेरा हा इलाज आहे. बाकी दोन घरच्या घरी बरी होतात. कॅमेरे विकणं हाच आमचा धंदा आहे, तरी हे पत्रक छापलं. कारण चुकीचा कॅमेरा नेलेला माणूस पंधरा दिवसांनी तसाच फोटो घेऊन परत येतो, आणि तेव्हा त्याची समजूत काढणं फार जड जातं.

खिडकी कोणती?

पहिले दोन आठवडे हातातल्या फोननेच फोटो काढा, फक्त जागा बदला. जिथून भरपूर उजेड येतो पण थेट ऊन येत नाही अशी खिडकी शोधा आणि मांजरीची गोधडी किंवा एखादं रिकामं खोकं तिच्याजवळ सरकवा. एक-दोन दिवसांत मांजर आपणहून तिथे बसायला लागते. खोक्याला नाही म्हणणारी मांजर आम्ही अजून पाहिलेली नाही. तुम्ही खिडकीच्या बाजूच्या भिंतीला टेकून बसा, म्हणजे उजेड तिच्या तोंडावर एका अंगाने पडेल. तिरप्या उजेडात केस न् केस दिसतो, मिशा सुट्या दिसतात आणि डोळ्यात खिडकीचा छोटा पांढरा ठिपका उमटतो. तो ठिपका नसला की डोळे काचेच्या गोट्यांसारखे वाटतात. खिडकी मांजरीच्या पाठीमागे आली, तर मात्र हमखास काळा गोळा होतो.

कडक उन्हात मांजरीच्या डोळ्यातली बाहुली उभ्या रेघेएवढी बारीक होते आणि चेहरा रागीट दिसतो. सावलीतल्या उजेडात तीच बाहुली पसरते आणि चेहरा निवळतो. म्हणून आपल्याकडच्या उन्हाळ्यात सकाळी नऊनंतर बाहेर फोटो काढायच्या भानगडीत पडू नका. मेच्या शेवटच्या आठवड्यात भरदुपारी सूर्य थेट डोक्यावर असतो, सगळ्या सावल्या खाली पडतात, आणि तापलेल्या गच्चीवर मांजरीचे तळवे भाजतात ते वेगळंच. शिवाय मार्चपासून घरातली सगळ्यात चांगली खिडकी कूलरने अडवलेली असते! अशा वेळी जाळीचं दार लावून घ्या, आतलं दार उघडं ठेवा आणि उंबरठ्यापासून हातभर आत मांजरीला बसू द्या. मोठ्या दाराचा उजेड खिडकीपेक्षाही सुंदर पडतो.

डिसेंबर-जानेवारीत गंमत उलटी असते. सूर्य दक्षिणेकडे कललेला, त्यामुळे त्या बाजूच्या खिडकीतून ऊन खोलीत लांबवर येतं आणि मांजर त्या उन्हाच्या तुकड्यामागे दिवसभर सरकत जाते. ऊन फार तिखट वाटलं तर खिडकीला पांढरं पातळ धोतर टांगा. वर्षभरात फोटो काढायला याहून चांगले दोन महिने नाहीत.

काळी मांजर, पांढरी मांजर

आमच्या दुकानामागच्या खोलीत काजळ नावाची काळी मांजर राहते. ती आम्हाला रोज दहादा आडवी जाते आणि गल्ला ठीक चालला आहे. तिचे फोटो काढताना कळलेली गोष्ट अशी: समोर जे आहे ते मध्यम राखाडी असणार, असं कॅमेऱ्याने मनाशी धरलेलं असतं. काळ्या मांजरीने चौकट भरली की तो उजेड वाढवतो आणि मांजर धुतलेल्या पाटीसारखी राखाडी होते. पांढऱ्या मांजरीला उलट मळकट करतो. कॅमेऱ्यावर अधिक-उण्याचं चिन्ह असलेलं बटण त्यासाठीच आहे. काळीसाठी उणे ०.७ ते उणे १, पांढरीसाठी अधिक ०.७ ते अधिक १. फोनवर मांजरीवर बोट टेकवा, सूर्याचं चिन्ह दिसलं की ते खाली किंवा वर सरकवा. इतकंच.

डोळे काहून चमकतात?

मांजरीच्या डोळ्यात पडद्यामागे आरशासारखा एक थर असतो, टॅपेटम. आत आलेला उजेड तो परत फिरवतो, म्हणून तिला अंधुक उजेडातही दिसतं. फ्लॅश लेन्सच्या अगदी शेजारी असेल, तर तोच उजेड सरळ आपल्याकडे परत येतो. हिरवा, पिवळा, आणि सयामीसारख्या निळ्या डोळ्यांच्या मांजरीत बऱ्याचदा लाल. कॅमेरा कितीही महागाचा घ्या, समोरून फ्लॅश मारला तर हेच होणार. वेगळा फ्लॅश असेल तर त्याचं तोंड पांढऱ्या छताकडे करा. नसेल तर फ्लॅश बंदच ठेवा. आम्ही एकदा हौसेने काजळवर समोरून फ्लॅश मारला. ती फ्रेमच्या मांडणीमागे शिरली आणि संध्याकाळपर्यंत बाहेर आली नाही. दूध, हाका, काही उपयोग झाला नाही.

फोकस लावताना कॅमेऱ्याचा जो नारिंगी किंवा हिरवा दिवा पेटतो, तोही बंद करा. बीपचा आवाजही. माणसाला फार तर २० हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, मांजरीला ६० हजारांच्याही वरचा. आपल्याला न जाणवणारी बारीक किरकिर तिला जाणवत असेल, असं धरूनच चाला.

जमिनीवर या

उभ्याने काढलेल्या फोटोत मांजरीचं डोकं मोठं आणि अंग उंदराएवढं दिसतं. फरशीवर बसा, नाहीतर सरळ पोटावर झोपा आणि लेन्स तिच्या डोळ्यांच्या रेषेत आणा. गुडघे दुखत असतील तर फोन उलटा धरा, म्हणजे त्याची लेन्स फरशीजवळ येते. तोंडाशी नेऊन फोटो काढू नका, नाक भज्यासारखं फुगतं. चार पावलं मागे या आणि दोन पट झूम वापरा. पोर्ट्रेट मोड बघायला छान, पण तो पार्श्वभूमी धूसर करताना मिशांची टोकं आणि कानांवरचे केसही पुसून टाकतो. मोठी प्रिंट काढल्यावर ते खुपतं.

मांजरीला धरून बसवू नका. टक लावून पाहणं तिला धमकीसारखं वाटतं, आणि लेन्स तर मोठाच डोळा. तिच्याकडे बघून डोळे हळूच मिटा, हळूच उघडा. इंग्लंडच्या ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० साली दाखवलं, की असं केल्यावर मांजरीही डोळे अर्धवट मिटून उत्तर देतात आणि जवळ यायला जास्त राजी होतात. आम्ही करून पाहिलं. काजळ उत्तर देते, मात्र तिच्या सवडीने. पहाटे आणि दिवेलागणीला मांजर जागी आणि खेळकर असते. दुपारी झोपेतले फोटो काढा, तेही कमी गोड नसतात.

हललेला फोटो: इथे कॅमेरा लागतो

आता तिसरं दुखणं, धुरकट शेपटी. शटर म्हणजे उजेड आत सोडणारी झडप. बसलेल्या मांजरीसाठी ती सेकंदाचा १/१२५ भाग उघडली की पुरतं. मान वळवत असेल तर १/२५०, दोरीमागे धावत असेल तर १/५००, उडी टिपायची तर १/१०००. शटर जितकं झटपट मिटतं तितका कमी उजेड आत येतो, आणि फोनची लेन्स नि उजेड टिपणारा सेन्सर दोन्ही चिमुकले. संध्याकाळी घरात फोन शटर लांबवतो आणि मांजर पुसली जाते. नाइट मोड तर मुद्दामच जास्त वेळ उजेड गोळा करतो. मांजरीसाठी तो बंद ठेवा. फोटो हलू नये म्हणून कॅमेऱ्यात जी स्थिरतेची सोय असते, ती तुमच्या हाताचा कंप सावरते. मांजरीची उडी थांबवणं तिच्या हातात नाही. हे आम्ही दिवसातून तीनदा समजावतो.

मांजर हवेत वळून चारी पायांवर कशी पडते, हे १८९४ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ एत्येन-ज्यूल मारे यांनी लागोपाठ टिपलेल्या फोटोंमधूनच दाखवलं. घरी हा प्रयोग करू नका, दोरीला पीस बांधून हलवणं पुरतं.

एलईडी दिव्यांबद्दल एक सूचना. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेचसे स्वस्त दिवे सेकंदाला शंभरदा मंद-प्रखर होतात. आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर वापरलं की फोटोवर आडवे पट्टे येतात. पट्टे दिसले तर कॅमेऱ्यात बिघाड समजून धावत येऊ नका. शटर १/१०० वर ठेवा, किंवा साधं यांत्रिक शटर लावा.

कोणता कॅमेरा?

आमचं मत विचाराल तर मेगापिक्सेल सोडा, प्राण्याचा डोळा ओळखणारा फोकस आहे का ते बघा. मांजर तोंड फिरवते, फोकस नाकावर नाहीतर कानावर जातो आणि चांगला क्षण वाया जातो. २०१९ मध्ये सोनीने आपल्या काही कॅमेऱ्यांना अपडेटमधून ही सोय दिली, आणि आता सुरुवातीच्या किमतीतल्या बऱ्याच मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यांत ती असते. कॅननचा आर५०, निकॉनचा झेड३०, सोनीचा ए६४०० या तिन्हींत आहे. झेड३० ला डोळा लावून बघायची खिडकी नाही, उन्हात मागचा पडदा नीट दिसत नाही. पण घरातच फोटो काढायचे असतील तर काही बिघडत नाही. आर५० आणि झेड३० चा पडदा बाहेर काढून फिरवता येतो, म्हणजे कॅमेरा फरशीवर ठेवूनही आपण मांडी घालून बसू शकतो. आमच्या काही ग्राहकांना ही एकच गोष्ट पुरेशी वाटली. काळ्या मांजरीचा डोळा अंधाऱ्या कोपऱ्यात मात्र तिन्ही कॅमेरे अधूनमधून चुकवतात, ते आधीच सांगून ठेवतो.

लेन्ससाठी थोडे पैसे मागे ठेवा. कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या झूम लेन्सचं तोंड लांबच्या टोकाला एफ/५.६ किंवा त्याहून बारीक असतं (एफपुढचा आकडा जितका लहान, तितकं तोंड मोठं). ५० मिलिमीटर एफ/१.८ ही छोटी लेन्स त्याच्या सुमारे दहापट उजेड आत घेते, आणि धुरकट शेपटीचं खरं औषध तीच. फक्त वरच्या तिन्ही कॅमेऱ्यांचा सेन्सर लहान, त्यामुळे ५० ची लेन्स त्यांच्यावर ७५ ते ८० सारखी जवळून बघते. दहा बाय दहाच्या खोलीत पाठ भिंतीला टेकते आणि मांजर तरी चौकटीत मावत नाही. अशा घरासाठी ३५ मिलिमीटरची घ्या. आणि जवळून काढताना एफ/१.८ वर एक डोळा स्पष्ट, दुसरा धूसर होतो, म्हणून एफ/२.८ पर्यंत या. एकच डोळा साधत असेल तर आपल्याकडचा साधा.

जुना कॅमेरा घेताना लेन्समधून टॉर्चचा उजेड पाडून बघा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी आहे. कितीही स्वस्त मिळाली तरी ती लेन्स नको. बिल आणि भारतातली वॉरंटी नसलेला नवा कॅमेरा चार पैशांनी स्वस्त पडतो खरा, पण दुरुस्तीच्या वेळी ते चार पैसे भारी पडतात.

कूलर आणि बुरशी

पावसाळ्यात बुरशी लागते हे सगळ्यांना ठाऊक असतं. नागपुरात उन्हाळ्यातही लागते, कारण कूलर दिवसभर खोलीत ओलावा सोडत असतो आणि कॅमेरा त्याच खोलीतल्या कपाटात कातडी पाकिटात बंद असतो. पाकीट काढून टाका. घट्ट झाकणाच्या प्लास्टिक डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून कॅमेरा ठेवा, आठवड्यातून एकदा बाहेर काढून वापरा. एसीच्या खोलीतून पावसाळी हवेत नेताना अर्धा तास बॅगेतच राहू द्या, नाहीतर काचेवर दव धरतं. मांजरीचे केस सेन्सरपर्यंत पोचतात, म्हणून ती मांडीवर असताना लेन्स बदलू नका.

प्रिंट काढायला येताना

४×६ इंची प्रिंटला जेमतेम २२ लाख पिक्सेल लागतात, ८×१२ ला ८६ लाख. साध्या फोनच्याही आवाक्यातलं आहे. अडतं ते व्हॉट्सअ‍ॅपमुळे, कारण तिथून आलेला फोटो आकसलेला असतो. आम्हाला फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, किंवा फोनच घेऊन या. एकाच मांजरीचे दोनशे फोटो आणलेत तर त्यातले पाच निवडायला आम्ही मदत करू, चहासकट.

घ्यायचं ठरलं तरी एकदम घेऊ नका. वरच्या लेन्सपैकी एक दिवसभरासाठी घरी नेऊन वापरता येते, अनामत ठेवून. येताना बिघडलेले तीन फोटो जरूर आणा, त्यावरून काय कमी पडतंय ते लगेच कळतं. मांजर मात्र घरीच असू द्या. बर्डीच्या गर्दीत पिंजऱ्यातून आणलेली मांजर टेबलाखाली जाऊन बसते, आणि काजळला पाहुणे आवडत नाहीत.